आईचा लांबलेला गुरुवार

४ मे

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने सगळे खुशाल.

आईचं तिकीट पोचलं. सकाळी दहाला निघून दुपारी चारला उतरायचं, म्हणजे सहाच तास, असं मी तिला छातीठोकपणे सांगून बसलो. मग शंका आली म्हणून मुलाच्या पृथ्वीच्या गोलावर दुकानातली टेप लावली. दोन विमानतळांमधलं अंतर भरलं चौदा हजार किलोमीटर. तेव्हा उमगलं, चार ही तुमच्या घड्याळातली वेळ. प्रवास सोळा तासांचा, आणि विमान सूर्याच्या मागे धावणार, म्हणून वाटेत रात्रच नाही.

हे ऐकलं आणि आईने बॅगेतल्या साड्या परत कपाटात ठेवल्या. वार गुरुवार. तू परदेशी गेलीस तेव्हापासून तुझ्या खुशालीसाठी ती गुरुवारी सूर्य मावळल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. इथल्या उजाडण्यापासून तुमच्या मावळतीपर्यंत बावीस तास होतात. डॉक्टर म्हणतात, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने एवढं उपाशी राहायचं नाही. थेट विमान तर गुरुवारीच. मी म्हटलं, देव समजून घेईल. ती म्हणाली, "देवाच्या वतीने तू नको बोलूस." मी आपला शिंपी, मशीनवर जाऊन बसलो.

तब्येतीला जप. माया आहेच, ती वाढव.

तुझा दादा

१९ मे

ती. दादास,

शि. सा. न.

तुझ्या टेपने माझं एक पोलकं कधी मापात बसलं नाही. पृथ्वी मात्र बरोबर मोजलीस.

मला नववा लागलाय. हे दिवसभर कामावर. शेजारीण चांगली आहे, पण तिच्यासमोर रडता येत नाही. हे रडण्याचं आईला सांगू नकोस असं लिहिणार होते. आता म्हणते, सांग. बळजबरी मात्र नको. चक्कर येऊन उतरणारी आई मला नको, मन मारून आलेलीही नको. एवढंच विचार, उपास माझ्यासाठी ना? मग मला काय हवं, ते कोणी विचारलं का?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

११ जून

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. मंगळवारी नात झाली. दोघी छान आहेत. नाक तुझं आलंय, पण मुलगी आहे, सुधारेल.

विमानात मी घड्याळाचे काटे हलवलेच नाहीत. आपल्याकडे दिवेलागण झाली तशी डोळे मिटले, देवाला हात जोडले आणि ताट पुढे ओढलं. बाहेर लख्ख ऊन. माझ्या लेकीसाठी देवाने एवढं चालवून घ्यावं, असं त्याला सरळ सांगितलं. तुला मध्ये घेतलं नाही.

आता लेक डोळ्यांसमोर आहे, तिच्यासाठी उपास कशाला? दूरचा तू झालास. पुढच्या गुरुवारपासून उपास तुझ्या नावाने. सूर्य मात्र इथलाच धरीन. तुझ्याकडचा मावळतो तेव्हा माझा सकाळचा चहा चाललेला असतो. तेवढ्या उपासात तुझं काय भलं होणार?

वेळेवर जेवत जा. सुनेला आणि नातवाला आशीर्वाद.

तुझी आई