खुशालशी लावलेली पैज

१२ जानेवारी २०२५, रविवार

हरलो! चहा यायच्या आत हरलो. नात प्रणालीने तिच्या टॅबलेटमध्ये ‘गो’चा खेळ टाकून दिलाय. समोर संगणक खेळतो. माझे अकरा मोहरे त्याने एका फटक्यात वेढून उचलले. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि कविता म्हटली — सातवीच्या पुस्तकातली, पावश्याची, चारही कडवी, चालीवर. डोळे उघडून बघतो तर मोहरे परत आलेच नव्हते.

“आजोबा, कविता म्हटली की मेलेले मोहरे परत देतात, असा नियमच नाही गोमध्ये.”

नाही? मग चाळीस वर्षं मी आणि खुशाल काय खेळलो!

१३ जानेवारी

लिहूनच ठेवतो. साल १९८४. बार्शीटाकळीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, खुशालराव गणित. रद्दीत एका मासिकाचं पान सापडलं. जपानकडचा खेळ. एकोणीस रेघा आडव्या, एकोणीस उभ्या. समोरच्याचे मोहरे वेढायचे. जास्त जागा वेढेल तो जिंकला. पान तिथेच फाटलेलं. वेढलेल्या मोहऱ्यांचं पुढे काय, ते गेलं उरलेल्या अर्ध्या पानात.

खुशाल म्हणाला, “थे आपण ठरवू. तू कविता म्हण अन् सोडव आपले कैदी.”

काळे म्हणून चिंचोके, पांढरी म्हणून शर्टाची बटणं. मधली सुट्टी पुरायची नाही. गणिताच्या मास्तराला साठ कविता पाठ झाल्या — कैदी सोडवता सोडवता! त्याचा ‘श्रावण’ अजून कानात आहे. सूर नव्हताच, पण मान अशी हलवायचा की वर्गाबाहेरचा लिंबही हलतोय असं वाटायचं.

१४ जानेवारी, संक्रांत

खुशालला फोन केला. तीन वर्षांमागे मनकर्णावहिनी गेल्या आणि मुलगी ज्योत्स्ना त्याला अमरावतीला घेऊन गेली. तेव्हापासून स्वारी अकोल्याला फिरकलेली नाही.

“तिळगूळ घ्यायला तरी ये.”

“तूच ये ना बे, भगवंता. इथं लिफ्ट हाय, चोवीस तास गरम पाणी हाय. तुह्या जठारपेठेत काय हाय?”

मी आहे, असं म्हणायचं होतं. म्हटलं, “धूळ.”

मग पैज लागली. एकच डाव, फोनवर, जगाच्या नियमाने — कविताबिविता बंद. हरेल त्याने आठ दिवस दुसऱ्याच्या घरी राहायला जायचं.

त्याला हरवायचंच. ये रे बाबा, करमत नाही, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पैजेने तरी येईल.

१६ जानेवारी

उभ्या रेघांना अंकलिपीतली नावं, आडव्यांना आकडे. “कमळ चार.” “गणपती सोळा.” आरती — सूनबाई — स्वयंपाकघरातून विचारते, “बाबा, पहिलीचा वर्ग भरवलाय का?”

पण खुशाल विचित्र खेळून राहिलाय. जन्मभर कोपऱ्यात घुसून बसणारा माणूस! आज थेट मधोमध उतरला. एखाद्या ऋषीसारखा.

१९ जानेवारी

पाप केलं. प्रणालीला म्हटलं, तुझ्या संगणकाला विचार पुढे काय खेळू. तिने आमचा सगळा डाव त्यात भरला आणि हसत सुटली.

“आजोबा, खुशालआजोबांच्या सगळ्या चाली ह्याच्याच पहिल्या पसंतीच्या आहेत!”

म्हणजे तोही! बुड्ढा चोर!

प्रणाली सांगते, कोरियातल्या नामांकित खेळाडूला संगणकाने हरवलं त्याला नऊ वर्षं होत आली. पाच डावांपैकी एक तेवढा माणसाने जिंकला. मला राहून राहून त्या एका डावाचंच वाटतं. त्या रात्री त्याला झोप लागली असेल का?

असो. आजपासून मीही संगणकाला विचारूनच खेळणार. चोराशी चोरी.

२३ जानेवारी

डाव बरोबरीत. माझा संगणक सांगतो, मी खुशालला सांगतो. त्याचा सांगतो, तो मला. दोन म्हातारे हमाल, ओझं दुसऱ्याचंच!

आज फोन बारा सेकंद चालला. “टरबूज अकरा.” “बरं.” ठेवला. पूर्वी एका चिंचोक्यावरून तासभर भांडायचो.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो होतो. पोरांनी कवायतीचं गाणं म्हटलं. एक पोरगी मधेच कडवं विसरली, तरी तोंड हलवतच राहिली. फार गोड!

घरी आलो आणि संगणकाला न विचारता खेळलो. “घर तीन.” का? घर तीन मोकळं दिसत होतं म्हणून!  तिकडे खुशाल हसला — पोटातून, खोकला येईपर्यंत.

“ही चाल तुही हाय लेका. असला येडेपणा दुसरं कोणी करत नाही.”

एकोणचाळीस मिनिटं बोललो.

२७ जानेवारी

संगणक म्हणतो, घर तीनने घात केला. जिंकण्याची शक्यता — मी सात टक्के, खुशाल त्र्याण्णव. कपाटावरची बॅग खाली काढली. आठ दिवस राहीन, परत येईन. मग पुन्हा हेच.

गुडघ्याचं तेल विसरू नये.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी खुशालचा फोन. “हरलो मी. गुरुवारी येतो.”

डोकंच फिरलं! दया दाखवतो? मला?

“काहून हरला बे? त्र्याण्णव टक्के तुह्याकडं होते!”

“तुले कसं मालूम, त्र्याण्णव?”

सापडलो!

“मले बी मालूम होतं,” म्हणाला, आणि ठेवून दिला.

२९ जानेवारी

दिवसभर त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आरतीला पाटवड्यांचं सांगितलं.

३० जानेवारी

दुपारच्या एसटीने खुशाल आला. आठ दिवसांची एक पिशवी असेल वाटलं होतं. चार बॅगा. वर रजई. शेवटच्या बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेला मनकर्णावहिनींचा फोटो काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “हा कुठं लावू?”

 हातोडी सापडेना. खिळा वरवंट्याने ठोकला.