शंभर होईपर्यंत वांगं बंद

२५ ऑक्टोबर २००१, खंडेनवमी
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवा, म्हणून आजपासून सोपानच्या क्रिकेटची हकिगत इथे लिहिणार. पोराचं नाव महाराष्ट्राच्या टीममध्ये आलं. अख्ख्या वारूळवाडीतून पहिलाच. लोक म्हणतात, पोरानं नाव काढलं. काढलं असेल, पण सोळा सोमवार कुणी केले?

आज विळे, कोयते, पाण्याची मोटर आणि सोपानची बॅट यांची पूजा केली. बाकीच्यांना नुसतं हळदकुंकू. बॅटीला पंचामृत, वर भीमाशंकराचं तीर्थ. सोपान झोपल्यावर ती परातीत उभी केली आणि वर अभिषेकाची गळती टांगली. रात्रभर थेंब थेंब पडू दे. पहाटे पुसून, तूप चोळून पिशवीत ठेवणार. त्याला सांगायचं नाही. देवाचं काम सांगून करू नये.

संकल्प: सोपानचे शंभर होईपर्यंत वांगं बंद. वांगं मला जिवापाड आवडतं, म्हणून तेच सोडलं. आमच्या जाऊबाई चिमाबाई, त्यांनी एकदा नवसाला कारलं सोडलं होतं. असो.

२६ ऑक्टोबर, दसरा
सोपान पुण्याला गेला. बॅट उचलून म्हणाला, आई, ही जड का लागतीय गं? मी मनात म्हटलं, पुण्याईला वजन असतं.

८ नोव्हेंबर
यांनी फर्मान काढलं. तीन मॅच. तीन मॅचमध्ये एकदा तरी शंभर न्हाई झाले तर मंचरला डेअरीवर चिकटायचं. मामानं साहेबाशी बोलून ठेवलंय. क्रिकेटनं काय संसार व्हतोय व्हय? सोपान फोनवर बरं म्हणाला. आवाज बारीक होता.
मला काळजी नाही. तीन म्हणजे लई झाल्या.

१२ नोव्हेंबर, सोमवार
पहिली मॅच. सकाळपासून पाटावर मांडी घालून जप. पेपर आला तरी उठले नाही. मी उठले की विकेट जाते, हा अनुभव आहे. हे म्हणाले, अगं, ही कालची मॅच हाय. तो कालच आऊट झालाय. मी म्हटलं, पेपर उघडल्याशिवाय कसा होईल? उघडू नका.
उघडला. नऊ.
चूक कुणाची, हे लिहायची गरज नाही.

१६ नोव्हेंबर, पाडवा
सोपान दिवाळीला आला. चेहरा उतरलेला. चकलीला हात लावला नाही. म्हणाला, आई, बॉल मधोमध लागतो, तरी पुढं जातच न्हाई. हातात नुसता दगड धरल्यागत वाटतं.
मी लगेच ओळखलं. तीर्थ कमी पडलं. रात्री परत गळती लावली, पंचामृतात साखर दुप्पट. रेशनची होती, चालते.
पुसताना बॅटीवर दोन-चार मुंग्या दिसल्या. शुभच. मुंगी गोडाला आणि देवाला ओळखते.

४ डिसेंबर
दुसरी मॅच, सुरतेला. चौदा.
वाढ आहे. नवावर पाच वाढले, बँकसुद्धा एवढं व्याज देत नाही. हे मामाला फोन करायला कुशाबाच्या दुकानात गेले. मागोमाग चिमाबाई ओटीवर आल्या. म्हणाल्या, डेअरीचं बरं असतं बाई, म्हशी कुणाला आऊट करत न्हाईत. त्यांच्या पदराला भरल्या वांग्याचा वास येत होता. मुद्दाम.

७ डिसेंबर
कुशाबाच्या दुकानात सोपानचा फोन आला. आई, डेअरीत सकाळी किती वाजता जावं लागतं?
मी म्हटलं, गप बस. मी आहे ना.
घरी येऊन देवापुढे बसले. पोथी उघडली, पण अक्षरं काही लागली नाहीत.

१९ डिसेंबर
शेवटची मॅच, नाशिकला. उद्या सोपानची बॅटिंग आणि उद्याच चंपाषष्ठी. खंडोबाला वांग्याच्या भरताचा नैवेद्य. करावाच लागणार. खाल्लं तर नवस मोडतो, नाही खाल्लं तर खंडोबा कोपतो. ठरलं: नाकाला पदर लावून भाजायचं, वाढायचं आणि लांब बसायचं.

२० डिसेंबर, चंपाषष्ठी, दुपारी
हे म्हणाले, परसाद हाय, न्हाई म्हणू नये. चिमाबाई टक लावून बघत होत्या. एक घास घेतला, प्रसाद म्हणून. दुसरा चुकून. मग भाकरीनं पातेलं पुसून घेतलं, कारण अन्न वाया घालवू नये.
देवा, माझ्या जिभेनं पोराला डेअरीवर धाडलं.

संध्याकाळी
कुशाबा दुकान उघडं टाकून सायकलीवर आला. वेशीपासूनच ओरडत होता, वहिनी, सोपानचा फोन! एकशेसात! हे ओसरीवरून ताडकन उठले, परत बसले, परत उठले. मला रडू आलं. मग विचारलं, शंभर कधी झाले? कुशाबा म्हणाला, जेवणानंतर, म्हणतोय.
जेवणानंतर! तेव्हाच मी पातेलं पुसत होते. म्हणजे वांगं सोडायचं नव्हतंच, खायचं होतं. विनाकारण दोन मॅच उपाशी राहिले.

२४ डिसेंबर
सोपान आला, पाया पडला. यांनी पाठीवर थाप मारली, डेअरीचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, बॅट दे, ओवाळते.
तो म्हणाला, ती मेली. मॅचच्या आदल्या दिवशी नेटमध्ये खालून दुभंगली. आतून मुंग्यांची रांग निघाली, सगळी टीम हसली. शंभर केले ते दोस्ताच्या बॅटनं. आई, खरं सांग, काय लावलं व्हतंस?
सांगितलं. गळतीसकट.
हे हसत हसत गोठ्याकडे गेले, ते चहालाच परत आले. सोपाननं किटबॅग स्वतःच्या मागे सरकवली. मग हात जोडून म्हणाला, आई, तू भरीत खात जा. बॅट पुण्यालाच ऱ्हाईल.

२५ डिसेंबर
सोपान किटबॅग उशाला घेऊन झोपतो. पॅड धुवायला मागितले, दिले नाहीत.
फुटकी बॅट हे चुलीत घालणार होते. मी काढून घेतली. खाली सुतळी गुंडाळून विहिरीवर नेली आणि तिच्यानं गोधड्या धोपटल्या. पकड फार चांगली आहे. चार गोधड्या झाल्या. चिमाबाई हंडा टेकवून बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, आता कशी मधोमध लागतीय बघ.