बाकाचं तोंड घराकडे

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
मुलं लाकडी बैल घेऊन दारी येतील म्हणून सीताबर्डीहून चॉकलेटं आणून ठेवली होती. दोन मुलं आली, त्यातलं एक घर चुकून. उरलेली सगळी कामाला येणाऱ्या अनुसयाला दिली. तिने विचारलं, बाई, एवढी काहून आणता? तिला काय सांगणार.
मला वाईट वाटलं नाही. दोष मुलांचा नाही, बागेचा आहे. घाणेरी इतकी माजलीय की रस्त्यावरून फाटकच दिसत नाही. शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, अ हाउस इज नोन बाय इट्स गार्डन. बुचाच्या झाडाखाली ताठ बसून आम्ही ते वहीत लिहायचो.
तेव्हा ठरलं. बाग करायची. माळ्याच्या मर्जीवर नाही, रीतसर डिझायनरकडून प्लॅन काढून. पुष्कर डिसेंबरमध्ये बंगलोरहून येतोय. "बघू" म्हणाला. आमच्या ह्यांचं, मार्तंडांचं, "बघू" म्हणजे नाही असायचं. मुलाचं तसं नाही.

३० ऑगस्ट
लँडस्केप डिझायनर आली. प्रणाली. एवढीशी मुलगी, पण लाल उजेडाच्या यंत्राने अंगण मोजते. तिने विचारलं, काकू, ही जागा तुम्ही कशी वापरणार? मी म्हटलं, मी कशाला, घरची माणसं वापरतील. किती जण? पाच म्हणाले. मग लक्षात आलं, मार्तंड गेले, आता चार. पण तोवर तिने लिहून टाकलं होतं आणि लिहिलेलं कशाला खोडायला लावायचं.

१२ सप्टेंबर
फोनवर थ्री-डी चित्र आलं. फार सुंदर.
कडुलिंबाखाली लांबलचक बाक. त्यावर पाच माणसं: नवरा-बायको, एक लहान मुलगी, हॅटवाले आजोबा, हातात कप घेतलेली आजी. समोर परदेशी कुत्रा. चित्र आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढल्यासारखं आहे, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसतात. पोळ्या करताना समोर हेच दिसणार.
बागही छानच असणार. तिच्याकडे अजून नीट पाहिलं नाही.
प्रणालीने बजावलंय की फीमध्ये तीनच बदल बसतात. जपून वापरायचे.

१८ सप्टेंबर
पहिला बदल. नवऱ्याचा गुलाबी शर्ट काढून निळा केला. पुष्कर गुलाबी कधीच घालत नाही. मुलीला दोन वेण्या घातल्या. मयुराचे केस वाढलेत, मागच्या व्हिडिओ कॉलमध्ये दिसले होते. नात आहे, आजीला एवढं माहीत हवंच.
प्रणाली म्हणाली, काकू, ही माणसं सॉफ्टवेअरबरोबर येतात, नुसती अंदाजासाठी असतात. मी म्हटलं, बाळ, मला कळतं तेवढं. वेण्या मात्र हव्यात.

२६ सप्टेंबर
दुसरा. कुत्रा काढला. सुनेला, भैरवीला, केसाळ जनावरांनी शिंका येतात. त्याच्या जागी पुष्करचा लाकडी बैल घाल म्हटलं, अजून माळ्यावर आहे, एक चाक तेवढं गेलंय. सॉफ्टवेअरमध्ये बैल नाही. हरीण आहे. बरं, हरीण.
कडुलिंबाच्या सावलीत लॉन येईल का, असंही काहीतरी ती विचारत होती. हो हो म्हटलं. चित्रात तर आलंय.

३ ऑक्टोबर
तिसरा. मार्तंडांनी जन्मात हॅट घातली नाही. हॅट काढायला सांगितली. खाली टक्कल निघालं. मार्तंडांचे केस शेवटपर्यंत दाट होते. हॅट परत घालून घेतली.
बदल संपले. प्रणालीने विचारलं, झाडांबद्दल काही सांगायचंय का? म्हटलं, नाही गं, झाडं ठीक आहेत.
चित्र पुष्करला पाठवलं.

४ ऑक्टोबर
पुष्करचं उत्तर: नाइस, कुठला प्रोजेक्ट आहे?
फोन करून सांगितलं की आपलंच घर. तो म्हणाला, आई, आता त्या घरावर खर्च करू नकोस, फ्लॅट स्कीमसाठी एक बिल्डर मागे लागलाय, डिसेंबरमध्ये त्याच्याशी बोलायचंच आहे.
म्हणजे डिसेंबर नक्की. बिल्डरचं काय, बाग पाहिली की तो विषयच काढणार नाही. वाढलाय तो या अंगणात.

१३ ऑक्टोबर
बांधायला जागेश्वर मिळाला. उमरेडचा. वडील हातमागावर लुगडी विणायचे, हा बागा बांधतो. बोलायला गोड, पण शिस्त ठेवायची. मजुरांना चहा एकदाच. गप्पा नाहीत.
प्लॅन उलटसुलट पाहून त्याने विचारलं, काकू, हे हरीन बी लावाचं हाय का? कळमन्याकडे एक जण सिमेंटचे बनवते. मी नको म्हटलं.
मग बाकावर अडला. म्हणे लोक घराकडे पाठ करून बसतात, तुम्ही काहून उलटा लावता? रस्ता दिसला म्हणजे मानसाले करमते. मी म्हटलं, पैसे देऊन प्लॅन काढलाय, प्लॅनप्रमाणे होईल. माझं म्हणणं इतकंच की बसलेल्यांचे चेहरे ओट्यापाशी उभं राहून दिसायला हवेत. हे त्याला सांगितलं नाही. न करमायचा प्रश्न मला नाही.

२९ ऑक्टोबर
चहा दोनदा देते. देखरेख करायची तर बाहेर जावं लागतं, आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.
सकाळी तर्री पोहे. पातेलं पुसून खातात. जागेश्वर म्हणतो, अशी तर्री चौकातल्या ठेल्यावरबी नाही. खोटं बोलतो, पण चांगलं बोलतो. मजुरांत त्याची मेहुणी जयवंता आहे, ती विटा उचलताना हळू आवाजात गाते. घरात कूकरची शिट्टी सोडून किती दिवसांनी आवाज झाला.
दिवाळीला पुष्करचा व्हिडिओ कॉल आला होता. नेटवर्क नव्हतं. त्याच्या कपाळाचं दर्शन झालं.

१९ नोव्हेंबर
काम संपत आलं. फाटकापासूनची फरसबंदीची वाट मला जरा तिरकी वाटली. उखडून पुन्हा बसवायला सांगितली. जागेश्वरने सूत लावून दाखवलं, सरळ होती. मी म्हटलं, डोळ्याला तिरकी दिसते. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पोह्यांच्या बशीकडे पाहिलं, आणि बरं म्हणाला.
लॉन पिवळं पडतंय. प्रणालीला विचारलं तर म्हणाली, काकू, सावली आहे, मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं. विचारलं असेल. तेव्हा हरणाचं चाललं होतं.

१० डिसेंबर
झालं काम. वाट आता खरंच थोडी तिरकी आहे.
जाताना जागेश्वरने टेम्पोतून सिमेंटचं हरीण उतरवलं. नको म्हटलेलं असूनही. म्हणाला, प्लॅनमध्ये होतं काकू, राहून गेलं म्हनून कोनी नावं ठेवू नये, माझ्याकडून घ्या. पांढरे ठिपके हाताने काढलेत. बाकासमोर ठेवून गेला.
आता रोज सकाळी बागेत फिरायचं, मग बाकावर बसून वाचन. उद्यापासून. आज घर फार शांत आहे. म्हणजे छान शांत.

१८ डिसेंबर
फिरायला जमलं नाही. बाकावरही बसले नाही. घरची माणसं यायच्या आधी आपण बसून तो जुना कशाला करायचा.
मयुराची आवडती करंजी, भैरवीसाठी साखर नसलेले लाडू. गाद्यांना ऊन दिलं. पाचही.

२६ डिसेंबर
पुष्कर आला. एकटाच. मयुराचं स्केटिंग शिबिर, भैरवीला सुटी नाही. मुक्काम एक रात्र.
फाटकातून आत आला आणि हरीण बघून खूप हसला. मलाही हसू आलं. वाट छान झालीय म्हणाला.
मी चहा टाकला तेवढ्यात फोन आला म्हणून बाकावर जाऊन बसला. निळा शर्ट होता. मी सांगितलं नव्हतं. ओट्यापाशी उभी राहून मी पाहत होते. थेट चित्रातल्यासारखा चेहरा. चहा उकळून सांडला तरी मी गॅस बंद केला नाही. किती दिवसांनी इतका वेळ तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. बोलता बोलता घराकडे बघत होता, गच्चीपासून पायापर्यंत, सावकाश. वाटलं, बागेने काम केलं.
आत येऊन म्हणाला, "आई, भिंतीला केवढ्या भेगा पडल्यात गं. बाकावरून सगळं दिसतं."
फोन बिल्डरचा होता. कागद तयार आहेत म्हणे. नवीन फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली आहे. बाल्कनीत कुंड्या ठेवता येतील.
मी म्हटलं, "बघू."
तो खूश झाला. आजोबांच्या वेळचं घर म्हणून आई अडून बसेल असं त्याला वाटलं होतं. वडिलांचं "बघू" तो विसरला.

२८ डिसेंबर
काल तो गेला. आज पहिल्यांदा बाकावर बसले. पाच जणांचा बाक फार लांब असतो, कुठे बसावं कळत नाही. शेवटी टोकाला बसले. चित्रातल्यांपैकी हरीण तेवढं आलंय.
बाकावरून स्वयंपाकघराची खिडकी अगदी नीट दिसते. आतला दिवा चालू राहिला होता. खिडकीत कोणी नव्हतं. मागे रस्त्यावरून लोक बोलत जात होते, कोण ते दिसलं नाही.
जागेश्वरला फोन केला. बाकाचं तोंड रस्त्याकडे करून दे म्हटलं. मी म्हटलंच होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला, सिमेंटात बसवलंय, फोडा लागते, संक्रांतीनंतर येतो. मी विचारलं, किती माणसं येतील? पोहे त्या हिशेबाने भिजवायचे.
"एकच मानूस पाठवतो काकू, एवढ्याशा कामाले."
एकाचे पोहे नीट होत नाहीत. दोघांचे करीन.