नातीचे माप घेतले म्हणून बंद झालेल्या भेटी

प्रति,
मा. बाल-भेट अधिकारी,
कौटुंबिक न्यायालय भेटकक्ष, तळमजला.

विषय : नातीच्या मासिक भेटी बंद करणारे पत्र मागे घेऊन येत्या शनिवारची भेट होऊ देण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २ जूनचे पत्र, आणि त्या पत्रात उल्लेख नसलेला न्यायालयाचा आदेश.

महोदय,

१. माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी वारला. सुनेने दुसरे लग्न केले. त्याबद्दल तक्रार नाही. तिचा लग्नाचा पोशाख मीच शिवला. पुढे त्या घरी माझे जाणे-येणे नकोसे झाले, म्हणून मी न्यायालयात गेले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी तीन ते चार, आपल्या कक्षात सात वर्षांच्या नातीला भेटण्याचा हक्क मला न्यायालयाने दिला आहे.

२. मी चाळीस वर्षे शिवणकाम करते. टेप गळ्यातच असतो. मे महिन्याच्या भेटीत नातीच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर चढलेल्या दिसल्या, तेव्हा खांदा, बाही आणि उंची अशी मापे घेऊन वहीत लिहिली. आपल्या निरीक्षक बाईंचा अहवाल असा : 'अर्जदाराने बालिकेस भिंतीशी उभे करून दोनदा आकडे नोंदवले. हेतू अस्पष्ट.' हेतू फ्रॉक होता. दोनदा अशासाठी, की पहिले माप लिहून झाल्यावर नात म्हणाली, "आजी, खोटं नको लिहूस हं, मी टाचा उचलल्या होत्या." हे अहवालात नाही.

३. खुलासा घेऊन आले, तर मी शिवणकाम करते याचा पुरावा मागितला गेला. आपल्याच फाटकावरच्या पहारेकऱ्याला खिडकीशी नेले. त्याचा गणवेश माझ्या हातचा आहे. "साहेब, माझंही माप बाईंनीच घेतलंय, मला तर काही झालं नाही," असे त्याने सांगितले. ते ऐकीव ठरले. मग नात्याचा पुरावा म्हणून मुलाच्या सहीचे पत्र आणायला सांगितले. मुलगा हयात नाही म्हटल्यावर लिपिक म्हणाले, "मग आजी, तुमची केस जरा अवघड आहे." मुलगा हयात असता, तर मला आपल्या खिडकीचे तोंडही पाहावे लागले नसते.

४. आपण पाठवलेल्या हमीपत्रानुसार मी बालिकेपासून एक मीटर अंतर राखायचे आणि मोजमापाची साधने आणायची नाहीत. मी त्यावर सही करणार नाही. एक मीटर झाला की नाही, हे आपण कशाने मोजणार? शिवाय नात दारातून पळतच येते. तिला मीटरभरावर थोपवण्याचे काम कक्षाने करावे, माझ्याने होणार नाही.

५. न्यायालयाचा आदेश बदलायचा तर न्यायालय बदलेल. भेटकक्षाला तो अधिकार नाही. जूनची भेट आपण बुडवलीत. तो तास मला परत हवा आहे. येत्या शनिवारी, ४ जुलै रोजी, भेट तीन ते पाच असावी. सुनेच्या यजमानांची बदली झाली असून जुलै संपायच्या आत ते सर्व दुसऱ्या शहरी जात आहेत. तिथल्या भेटींची व्यवस्था होईपर्यंत किती महिने जातील, हे आपले कामकाज पाहिलेल्या कुणालाही विचारावे. एवढा एकच शनिवार हाताशी आहे. तो मी सोडणार नाही.

६. आपले पत्र सुनेलाही मिळाले. तिने दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून फोन केला. म्हणाली, "आई, तुम्ही या. मी घेऊन येते तिला. कोण अडवतंय ते बघू." हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, जाड अक्षरात लिहा.

७. तेव्हा शनिवारी तीन वाजता आम्ही तिघी आपल्या दाराशी असू. दार उघडायचे की नाही, एवढेच आपण ठरवावे. न उघडल्यास भेट बाहेरच्या पायऱ्यांवर होईल आणि पाचपर्यंत चालेल. निरीक्षक बाईंनी नोंदी घ्यायला जरूर यावे. त्या वेळी पायऱ्यांवर ऊन असते, छत्री आणावी.

नम्र आहे, पण ऐकणार नाही अशी,
अर्जदार
(मुलीची वडिलांकडची आजी)

दिनांक : २९ जून

सोबत : १) न्यायालयाच्या आदेशाची प्रत.
२) हमीपत्र, कोरे, परत.