एका जागी दोन धातू

३ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत नव्या खाणीतलं खनिज आलं. तीस नमुने, संध्याकाळपर्यंत अहवाल हवा. माझी धाकटी बहीण शेजारच्या खोलीत ते दळते, भुकटी दाबून चकत्या करते. त्या चकत्या मी यंत्रात ठेवते. क्ष-किरण पडले की पडद्यावरच्या आलेखात प्रत्येक धातूचं शिखर आपापल्या जागी उमटतं. जस्त भरपूर. एका जागी बारकं शिखर — शिसं. लिहिलं, सही ठोकली. आलेखांचे कागद धाकटीनं फाईलला लावले.

धाकटी भुकटीनं नखशिखांत पांढरी झाली होती. मास्क लाव म्हटलं तर म्हणे जीव गुदमरतो. हसलो दोघी.

१९ एप्रिल
तिच्या तळपायांना मुंग्या येतात. पोटात अन्न ठरत नाही. डॉक्टरांकडे नेलं. मी शहाणपणा केला — खनिजात शिसं आहे, रक्तात तेच बघा म्हटलं.

२४ एप्रिल
रक्तात शिसं नाही! टॉनिकवर भागलं. सोमवारपासून कामावर. मीच म्हटलं, घरी बसून काय करणार आहेस?

११ जून
धाकटी जिन्यात कोसळली. पाय कुठे पडतोय तेच कळत नाही म्हणाली.

१२ जून
फेब्रुवारीपासूनचे आलेख काढून बसले. 

त्या जागी दोन धातू येतात — शिसं आणि आर्सेनिक. शिशाचं आणखी एक शिखर पुढे असतं. ते दिसलं तरच शिसं लिहायचं. शिकाऊंना पहिल्याच आठवड्यात सांगतात हे. धाकटीला मीच सांगितलं होतं. पुढे रेघ सपाट होती. तीसच्या तीस कागदांवर सपाट. घाईघाईत मी तिकडे बघितलंच नाही.

१३ जून
डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नव्या तपासण्या लिहून दिल्या. साहेबांनाही सांगितलं. त्यांनी दळायची खोली बंद केली आणि मला घरी बसवलं. बरोबरच आहे.

धाकटीपुढे तोंड उघडत नाही.

२१ जून
नखांत, केसांत आर्सेनिक निघालं. पायांतल्या नसा किती सावरतील ते सांगता येत नाही म्हणे.

२२ जून
तिला भरवलं. सांगितलं नाही.

२ जुलै
आज सांगितलं, तिचे पाय चोळता चोळता.  ती म्हणाली, "रेघ सपाट आहे हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, ताई. वाटलं, तू कशी चुकशील?"