वासराविना पान्हा

आई, डेन्मार्कहून आदिनाथ तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

मी खुशाल हाय. थंडी लई, पन तुझी गोधडी पुरती.

मी कामाला हाय त्या गोठ्यात नवलच हाय! गाई आपल्या पायानं मशिनपाशी येत्यात अन् मानसाचा हात न लागता धार निघती. मी बघतच ऱ्हायलो.

पहिल्या दिवशी मी आपल्यासारखं पान्हा फुटायला आधी वासरू सोडलं. मालक धावत आला. इथं वासरू जन्मताच आईपासून तोडून येगळं ठेवत्यात. पन गाय त्याला चाटाय लागली, तसा एवढा धिप्पाड मानूस दोन पावलं मागं सरला.

मग त्यानं वासरू परत नेलं. आता बी ती गाय धार देताना मान वळवून दाराकडं बघती.

तू जेवतीस ना वेळेवर? घोडेगावच्या बाजारातून आनलेली कपिला व्याली का? वासरू तिच्या नजरेसमोर बांध.

तुझाच,
आदिनाथ