सुदामचा डावा पाय

मांजर्ली, बदलापूर (प.)
१९ मार्च १९८९

चि. सौ. अंजना,

जय भीम. तुला आणि जावईबापूंना हरिचंद्रकाकाचे आशीर्वाद. भुसावळचं ऊन आता तापायला लागलं असेल. पोटुशीनं दुपारचं बाहेर पडू नये, आणि जिना उतरताना कठड्याला हात लावावा. तुझी आई असती तर हे तिनं लिहिलं असतं. ती नाही, म्हणून म्हाताऱ्याची कटकट ऐकून घे.

आता तुझ्या दादाची खबर. अंजे, तुझा बाप चालला, सुदाम चालला! काल अंगणातून गल्लीच्या नळापर्यंत गेला नि परत आला. काठी माझ्या हातात होती, त्याच्या नाही.

डिसेंबरात अंगावरून वारा गेला तेव्हा डावं अंग कसं पडलं होतं ते तू बघून गेलीस. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पहलवान, गोळी रक्ताचं बघेल, पायाचं तुम्ही बघा. बसवून ठेवलात तर गेला." देवमाणूस म्हणत नाही, आपण देव मानत नाही, पण माणूस सोन्याचा. पायाला कुठून धरायचं, गुडघा कसा सरळ करायचा, त्यांनी स्वतः खाली बसून मला दाखवलं. बाकी माझी अंबरनाथच्या तालमीतली शिदोरी. मला शाळा चौथीपर्यंतची, पण माणूस दारातून आत आला की मी तोंड नंतर बघतो, पाय आधी.

अंगणात चुलीची राख पसरली आणि त्याला धरून तिच्यावरून चालवलं. उजव्या पायाचा ठसा चांगला उमटायचा. डाव्याची नुसती रेघ, औत ओढल्यासारखी. म्हणजे चवडा उचलत नव्हता. मग खाटेवरून हात न टेकता उठायचं, भिंतीला पाठ लावून टाच दाबायची, भरला तांब्या घेऊन न सांडता उंबरा ओलांडायचा. पडायचं कसं तेही शिकवलं, कारण ज्याला पडायची भीती तो पाय उचलतच नाही. हनुवटी छातीला, कुल्ल्यावर आधी, हात सोडून द्यायचे. सुदाम शिव्या द्यायचा. "हऱ्या, तीस वर्षं कंपनीत घासली, पण फोरमननं एवढं पिळलं नाही रे!" मी म्हणायचो, "फोरमन पगार द्यायचा, मी फुकट आहे, गप चाल."

काल राखेत रेघ नव्हती. टाच, मग कड, मग बोटं. मी ते अजून झाडू दिलेलं नाही.

तुझा भाऊ जयदेव बरा आहे. नोकरीचं अजून जुळत नाही, म्हणून जरा घुम्यासारखा वागतो. काल बाप चालत आला तर हा पेपर वाचत बसला होता. तरण्याताठ्या पोराला रिकामं बसणं खातं, दुसरं काही नाही.

जयंतीला येते आहेस ना? तुझा बाप तुला स्टेशनवर घ्यायला येणार म्हणतो. रिक्षानं नाही, पायी.

तुझा,
हरिचंद्रकाका


मांजर्ली, बदलापूर (प.)
११ जून १९८९

चि. सौ. अंजना,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. सातवा सरला, आता जपून. डाव्या कुशीवर झोपत जा. पाय सुजत असतील तर संध्याकाळी उशीवर ठेव, आणि घोटे गोल फिरवत जा, दळण दळल्यासारखे.

इकडे जयदेवचं लग्न ठीक झालं. तुला एवढ्या उन्हात येता आलं नाही, त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. सूनबाई नेरळकडची, कामाला वाघीण. मांडव साधाच होता, पण जेवण चांगलं झालं. आमच्या गल्लीतल्या आंब्याला यंदा मोहोर आला आणि गळला. पाणी नळाला एक दिवसाआड येतं.

तू विचारलं आहेस, दादा आता कुठपर्यंत चालतात. एवढं लिहून झालं तरी मी तिकडे वळलो नाही, तुझ्या लक्षात आलं असेल.

सुदाम चालत नाही, अंजे. चालता येतं, पण चालत नाही.

जयंतीला तू येऊन गेलीस त्याच्या आधीच कंपनीचं पत्र आलं होतं. डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहायचं. डॉक्टरनं कायमचा अनफिट ठरवला तर पोराला त्याच्या जागी घेतात. फिट ठरला तर गेटवर हलकं काम, दोन-चार वर्षांत रिटायर, आणि पोरगा तसाच वाऱ्यावर. जयदेव माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, एवढं मस्त चालायला शिकवलंत, आता थोडे दिवस विसरायला शिकवा ना. मुलीकडचे लोक परमनंट आहे का विचारतात. दादा चालले तर माझी वाट लागेल."

मी म्हटलं, "अरे, पाय म्हणजे काय शर्ट आहे, काढून खुंटीला लावायला?"

"काका, तुम्हाला पोरं नाहीत. तुम्हाला नाही कळायचं."

घाव वर्मी लागला, पण खरं होतं. मी सुदामकडे गेलो. वाटलं, तो तरी कान धरील पोराचा. तो खाली बघून म्हणाला, "हरी, माझं काय, पिकलं पान. त्याचं होऊ दे."

मग जयदेव मला घेऊन उल्हासनगरला गेला, चाकांची खुर्ची घ्यायला. जुनी होती. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. "साईं, बिलकुल नयी जैसी है. पहलेवाला ज्यादा बैठा ही नहीं." जयदेव हसला. मीही हसलो असेन.

बोर्डाच्या दिवशी खुर्ची मीच ढकलली. कंपनीचा डॉक्टर वयानं लहान, स्वभावानं चांगला. त्यानं पाय तपासला, हातोडी मारली, मान हलवली आणि म्हणाला, "बाबा, जरा प्रयत्न करा. पडलात तर आम्ही आहोत ना." सुदाम उठला. माझ्याकडे एकदा बघितलं. आणि पडला. हनुवटी छातीला, कुल्ल्यावर आधी, हात सुटलेले. इतका सुंदर पडला की तालमीत असतो तर मी शाबासकी दिली असती. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

जयदेव आता कामावर जातो. पण वर्षभर पक्का नाही. समोरच्या चाळीत सोमा वॉचमन राहतो, त्याच कंपनीतला. त्याचाही भाचा त्याच जागेसाठी नंबर लावून होता, सुदाम चालताना दिसला तर तो कंपनीत कळवील ही धास्ती. तेव्हा सुदामनं घरातसुद्धा उभं राहायचं नाही, खिडकीतून दिसतं. उलट रोज संध्याकाळी त्याला खुर्चीसकट दारात आणून ठेवतात. पाय पुन्हा गेला असं गल्लीत सांगितलंय, ते लोकांना दिसावं म्हणून. सोमा जाता-येता म्हणतो, "काय सुदामराव, आज फिरायला नाही?" आणि सुदाम हसतो.

मी करून घ्यायचो तो व्यायाम बंद केला आहे. दारावर सूनबाई म्हणते, "झोपलेत." मी खिडकीतून त्याला बसलेला बघतो.

जयदेव तुझं ऐकतो. त्याला लिही, निदान दार लावून, दिवा बारीक करून बापाला भिंतीला धरून उभा करत जा. बसलेला पाय खुर्चीचा आकार घेतो गं. ओली पोळी ताटात जशी ठेवावी तशी वाळते. एवढंच लिही.

तुझा,
हरिचंद्रकाका


मांजर्ली, बदलापूर (प.)
२७ ऑगस्ट १९८९

चि. सौ. अंजना,

जय भीम. मुलगा झाला, वजन चांगलं, तुझी तब्येत बरी. जावईबापूंचं कार्ड वाचून आनंद झाला. सुदामनं ते माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. बाळाला तेल लावताना पाय पोटाशी आणून मग सोडावेत, हलक्या हातानं. तो स्वतः लाथा मारेल तेव्हा मारू द्यावं. बाळाला जास्त बांधून ठेवू नये.

तुझं पत्रही मिळालं. त्यात तू लिहिलंस की जयदेवला दोन शब्द लिहायला वेळ झाला नाही. बरं.

गेल्या महिन्यात नदीचं पाणी गल्लीत आलं. जयदेव सेकंड शिफ्टला होता, सूनबाई माहेरी. मी शिरगावला बहिणीकडे गेलो होतो. पाणी चढतंय कळलं तसा परत निघालो. गल्लीत शिरलो तेव्हा माझ्या कमरेला पाणी होतं. लोक गच्च्यांवर चढलेले. तुमचं दार सताड उघडं, आणि आत सुदाम त्या खुर्चीत बसलेला. पाणी छातीपर्यंत. पोटमाळ्याची शिडी हाताच्या अंतरावर. आणि तो दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलेला, अंजे, फोटो काढायला बसवल्यासारखा.

मला बघून म्हणाला, "आलास? उचल मला."

मी ओरडलो, "अरे मेल्या, उठला का नाहीस?"

"दार उघडं आहे. सोमा समोरच्या गच्चीवर आहे."

आणि खरंच होतं. सोमा तिथून ओरडत होता, "सुदामराव, शिडी धरा! अहो, शिडी धरा!" तो काही वाईट माणूस नाही. त्याला वाटत होतं, हा पांगळा आता बुडणार. शेवटी त्यानं आणि मी मिळून सुदामला वर चढवला. सोमानं स्वतःचा सदरा काढून त्याला पुसलं. जयदेव सकाळी आला आणि पहिलं काय विचारलं असेल? "दादा, उभे तर नाही ना राहिलात?"

मग ताप आला, छाती भरली. उतरली. ताप उतरल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, पोराच्या नोकरीसाठी बुडून मरणार होतास? तो म्हणाला, "जयदेवसाठी नाही रे. त्याचं मी ऐकलं नसतं. पाणी पोटाला लागलं तेव्हाच मी उठणार होतो. पण अंजीची शपथ आहे."

मी खोटं लिहीत नाही, हे ऐकून मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. जयंतीच्या दिवशी, सगळे मिरवणुकीला गेल्यावर, तू त्याच्याजवळ बसलीस. त्याचा हात उचलून आधी स्वतःच्या डोक्यावर ठेवलास, मग पोटावर. म्हणालीस, "दादा, भावाचं घर उभं राहू दे. कुणासमोर उभे राहिलात तर माझी आणि याची शपथ."

आपण दीक्षा घेतलेली माणसं, अंजे. नवस, उतारे, शपथा सगळं मागे टाकून आलो, तुझ्या बापानं स्वतःच्या हातानं घरातले देवांचे टाक नदीत सोडले. मी त्याला तेच म्हणालो. तर म्हणतो, "सगळं खोटं आहे, माहीत आहे मला. पण पोटावर हात ठेवला होता रे तिनं. खोटं असलं तरी एवढं कोण करून बघणार?"

जून महिन्यात मी तुला लिहीत होतो, जयदेवला समजाव. आणि तू ते वाचत होतीस. मी तुला दोष देत नाही, असं इथं लिहायचं मनात होतं. नाही लिहीत.

त्या दिवशी मी ठरवलं, तुला तार करायची, ये आणि शपथ सोडव. म्हटलं, पोरगी आली, तोंडानं "सुटली" म्हणाली की हा उठेल, पुढचं मी बघतो. तार करायच्या आधी पाय बघून घ्यावा म्हणून जयदेव ड्युटीवर गेल्यावर दार लावलं. सुदाम हसून म्हणाला, "कुणासमोर म्हणाली होती. तू पण कुणीतरी आहेसच." म्हटलं, उठू नकोस, मला फक्त पाय दे.

गुडघा सरळ होत नाही. टाच वर ओढली गेली आहे. मी तेल लावलं, शेकलं, डॉक्टरांनी मागं दाखवलं होतं तसं हळूहळू दाबलं. दगड. सुदाम मजेत गप्पा मारत होता, त्याला काही जाणवत नव्हतं. मग मी उल्हासनगरच्या डॉक्टरांना घरी घेऊन आलो, छाती तपासायच्या निमित्तानं. त्यांनी पाय बघितला, खुब्यात बघितलं, आणि बाहेर येऊन मला विचारलं, "मार्चमध्ये तर चालत होता ना? काय केलंत याचं?" ते म्हणाले, आता मोठ्या इस्पितळात शिरा सोडवल्या तरी या छातीला भूल सोसायची नाही. उभा राहणार नाही.

सुदामला हे माहीत नाही. तो म्हणतो, "जयदेव पक्का झाला की अंजी शपथ सोडेल. मग मी भुसावळला जाणार. स्टेशनपासून तिच्या घरापर्यंत नातवाला खांद्यावर घेऊन चालत. हऱ्या, तू मागून बघ, रेघ पडते का." कालसुद्धा म्हणाला, "आत्ता उठलो असतो मी. पण शब्द दिलाय ना."

तर ऐक. माझं तुझ्याकडे मागणं आहे ते एवढंच. तू दिवाळीत बाळाला घेऊन येशील तेव्हा तुझा बाप तुला विचारेल, "अंजे, आता सोड की शपथ." सोडू नकोस. हसून म्हण, एवढ्यात नाही दादा. जयदेव पक्का झाल्यावर तो परत विचारेल. तेव्हा काहीतरी दुसरं कारण काढ, तुला जमेल. ज्या दिवशी तू "सुटली" म्हणशील त्या दिवशी तो खुर्चीच्या दांड्यांवर हात न टेकता उठायला जाईल, मी शिकवलं तसा, आणि त्या दिवशी त्याला कळेल.

तो दर वेळी विचारेल. बाळ चालायला लागेल तेव्हा तर बोट धरायला म्हणून विचारेल. तू दर वेळी नाही म्हण. त्याच्या डोळ्यांत बघून म्हण. मला हे करता येत नाही, मी सांगितलेलं तो मानत नाही. तुझाच शब्द तो पाळतो.

बाळाला त्याच्या मांडीवर दे. मांडी अजून उबदार आहे.

तुझ्या बापाला चालायला शिकवणारा,
हरिचंद्र